हप्ता भरल्यावर उरतं किती?

सोलापुरात घर स्वस्त आहे, हे वाक्य कुणी म्हणालं की मी आता पहिल्यांदा विचारतो, पगार कुठला घेता? कारण म्हणणारा बहुतेक वेळा पुण्यात नोकरीला असतो. वाघोलीत नाहीतर हिंजवडीत टू बीएचकेसाठी सत्तर-ऐंशी लाख मोजून बसलेला असतो आणि दिवाळीला हुतात्मा एक्सप्रेसनं घरी आल्यावर जुळे सोलापुरात गाडीवरून एक चक्कर मारतो, दोन बिल्डिंगांवरचे बोर्ड वाचतो आणि म्हणतो, अरे बत्तीस लाखात मिळतंय, फुकटच की! त्याच्या पगाराला ते फुकटच आहे, खोटं काय त्यात. पण त्याच बिल्डिंगमध्ये फरशी बसवणारा, समोरच्या मेडिकलात काऊंटरवर उभा राहणारा, मागच्या शाळेत विनाअनुदानित तुकडीला शिकवणारा, हे सगळे पगार सोलापूरचा घेतात. घराची किंमत सोलापूरची आणि पगार पुण्याचा असं गणित मांडलं तर स्वस्त येणारच.

माझं काम टॅक्सचं. रिटर्न भरणं, जीएसटी, आणि वर्षात पंचवीस-तीस तरी गृहकर्जाच्या फायली डोळ्याखालून जातात, म्हणजे लोनसाठी लागणारे तीन वर्षांचे रिटर्न, बॅलन्सशीट वगैरे. त्यामुळं माणसं घर कशी घेतात हे मला बऱ्यापैकी आतून दिसतं, आणि मला जे म्हणायचंय ते असं की घर परवडतं की नाही हे आपण चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या आकड्यावर मोजतोय. चुकीचा दिवस म्हणजे खरेदीखताचा दिवस. चुकीचा आकडा म्हणजे टक्केवारी. मोजायचंच असेल तर घराचा सगळा खर्च गेल्यावर हातात किती उरतं ते मोजा, वेगवेगळ्या कमाईच्या घरांसाठी वेगवेगळं मोजा, आणि वीस वर्षं मोजत राहा.

आता सध्याची पद्धत काय ते बघू. दोन मापं चालतात. एक म्हणजे घराची किंमत वर्षाच्या कमाईच्या किती पट, आणि दुसरं म्हणजे हप्ता किंवा भाडं महिन्याच्या कमाईच्या किती टक्के. आपल्याकडं २००८ मध्ये दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राचा टास्क फोर्स बसला होता, त्यांनीही हप्ता किंवा भाडं कमाईच्या ३० ते ४० टक्क्यांत बसावं असंच धरलं होतं. हा ३० चा आकडा कुठून आला हे बघायला गेलं तर मजा आहे. अमेरिकेत सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब लोकांकडून जास्तीत जास्त किती भाडं घ्यायचं यासाठी १९६९ साली कायद्यानं २५ टक्क्यांची मर्यादा घातली, १९८१ मध्ये ती ३० केली, बास. माणूस कितीत जगतो याचा हिशोब करून काही तो आकडा काढलेला नाही, सरकारला किती वसूल करता येईल याच्या ओढाताणीतून तो आलेला आहे. आणि आज तोच आकडा जगभर फिरून आपल्याकडं मोबाइलवरच्या हप्ता कॅल्क्युलेटरमध्ये येऊन बसलाय.

बँकेचं माप तर अजून वेगळं. बँक तुमचे सगळे हप्ते मिळून कमाईच्या चाळीस, पन्नास, कधी साठ टक्क्यांपर्यंतही जाऊ देते. पण बँक विचारते काय, तर कर्ज फिटेल का? घर चालेल का हे ती विचारतच नाही, तिचं ते कामही नाही. हप्ता वेळेवर येतोय म्हणजे बँकेच्या दृष्टीनं घर परवडलं. आता तो हप्ता पोराची ट्यूशन बंद करून येतोय, बायकोचे दागिने गहाण ठेवून येतोय की गावाकडची जमीन विकून, हे बँकेच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. लोन मंजूर झालं म्हणजे ऐपत आहे असं लोक धरून चालतात आणि तिथंच पहिली गफलत होते. एकजण मला म्हणाला होता, "सर, भाडं भरूलालोच की, त्याच्यात थोडं घातलं की हप्ता." ते थोडं म्हणजे अकरा हजार होते.

टक्केवारी काय घोळ घालते ते एका घराच्या हिशोबावरून सांगतो. पूर्व भागातलं घर, अशोक चौकाच्या बाजूला. त्या घरातल्या अक्का विड्या वळतात, नवरा यंत्रमागावर, सासू आणि दोन पोरं. दोघांचे मिळून महिन्याला सोळा हजार धरा, तेही माग बंद पडला नाही, छाट (म्हणजे नापास करून बाजूला काढलेल्या विड्या) फार निघाली नाही, आजारपण आलं नाही तर. आम्ही बसून खर्च मांडला. किराणा, तेल, दूध, भाजी सात हजार. गॅस आणि लाइट दीड हजार. शाळा आणि ट्यूशन दीड हजार. सासूची बीपी-शुगरची औषधं धरून दवाखाना आठशे. मोबाइल सहाशे, येणं-जाणं हजार, सणवार आणि लग्नाकार्याचा आहेर सहाशे. एकूण तेरा हजार. यात हॉटेल नाही, कपडे नाहीत (कपडे दिवाळीला, ते बचत गटातून उचलून), टीव्हीचा हप्ता नाही. आता तीस टक्क्यांचा नियम लावला तर या घराला ४,८०० रुपये घरावर खर्च करणं परवडतं. पण ४,८०० गेल्यावर उरतात ११,२००, आणि लागतात तेरा हजार. म्हणजे नियमानं परवडणारं घर घेतलं तर महिन्याला १,८०० रुपये पोटातून काढायचे. या घराची खरी ऐपत तीन हजार, म्हणजे एकोणीस टक्क्यांच्याही आत.

आणि दुसरं टोक बघा. दोघं नवरा-बायको सरकारी नोकरीत, घरात नव्वद हजार येतात. तीस टक्के म्हणजे २७,०००. नियम म्हणतो याच्या पुढं गेलात तर तुमच्यावर घराचा बोजा आहे. अहो पण त्यांनी निम्मा पगार जरी हप्त्यात घातला तरी ४५,००० उरतात. मजेत चालतं घर. मग आकडेवारीत हे ओझ्याखाली दबलेले दिसणार आणि अक्का, ज्या ४,८०० च्या आत आहेत म्हणून, सुखी दिसणार. हे माप उलटं चाललंय हे सांगायला कुणी अर्थतज्ज्ञ लागत नाही.

म्हणून म्हणतो, उरलेलं मोजा. जगात काही अभ्यासकांनी हे आधीच मांडलंय, घराचा खर्च जाऊन बाकी किमान गरजा भागतात का हे बघा म्हणून. पण आपल्याकडं ते अजून कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

यावर एकजण लगेच म्हणेल की उरलेलं मोजलं तर उधळ्या माणूसही गरीब ठरेल, मोठी गाडी घेतली, हातात काही उरत नाही, मग काय त्यालाही घर परवडत नाही म्हणायचं? बरोबर आहे, म्हणून प्रत्यक्ष खर्च धरायचा नाहीच. एक टोपली ठरवायची, सोलापूरची, आमच्या भावानं, की पाच माणसांच्या घराला ज्वारी-तांदूळ-डाळ-तेलापासून शाळा-दवाखान्यापर्यंत कमीत कमी एवढं लागतं. घरात माणसं कमी-जास्त असतील तर टोपली कमी-जास्त. मग कमाईतून टोपली वजा, घराचा खर्च वजा, राहिलं ते उणे की अधिक. गाडीचा प्रश्नच येत नाही.

बरं, कमाईचे गट तरी आपण नीट पाडलेत का? पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात आर्थिकदृष्ट्या दुर्बल म्हणजे वर्षाला तीन लाखांपर्यंत. म्हणजे महिन्याला पंचवीस हजार. आता महिन्याला नऊ हजारांत एकटी घर ओढणारी बाई आणि चोवीस हजार कमावणारा मेकॅनिक एकाच डब्यात. पहिलीला शून्य रुपये भाडं असलं तरी परवडत नाही, दुसऱ्याला चार-साडेचार हजार हप्ता झेपू शकतो. पूर्व भाग, नीलम नगर, विडी घरकुल, इकडं घरोघरी गेलात तर बहुतेक सगळं याच एका डब्यात पडेल आणि मग त्या डब्याची सरासरी काढून तुम्ही काय शिकणार? मुंबईत बसून बघितलं तर हा गट तळाशी दिसतो, पण सोलापुरात तो जवळजवळ अख्खं गाव आहे. इथं त्या एका डब्याचेच चार तुकडे पाडायला पाहिजेत.

आता जो मुद्दा मला माझ्या धंद्यामुळं दिसतो तो. कमाई आणि किंमत, हे जे दोन आकडे घेऊन आपण भागाकार करतो, ते दोन्ही कागदावरचे असतात. माझ्याकडं येणारा छोटा दुकानदार पहिलं विचारतो, "लोनसाठी रिटर्न कितीचा दाखवायचा?" खरी कमाई किती हे तो सांगत नाही, बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं, गल्ल्यातून घरखर्च जातो, घरखर्चातून गल्ल्यात येतो. एरवी टॅक्स लागू नये म्हणून जो चार लाखांवर बसलेला असतो तो लोनच्या आदल्या तीन वर्षांत अचानक साडेसहा लाख कमवायला लागतो. मी माझ्या परीनं हात आखडता घेतो, पण मी नाही म्हणालो की तो शेजारच्या जिन्यानं वर जातो. आणि रोजंदारीवाल्याकडं तर कागदच नसतो, त्यामुळं तो हिशोबातच येत नाही, तो सरळ मायक्रोफायनान्सकडं जातो जिथं व्याज दुप्पट-अडीचपट आणि हप्ता आठवड्याला.

किंमतीचंही तसंच. खरेदीखतातली किंमत रेडी रेकनरला, म्हणजे सरकारनं भागाभागाला ठरवलेल्या दराच्या तक्त्याला, चिकटून असते कारण त्याच्या खाली दाखवली तरी स्टॅम्प ड्युटी रेकनरच्याच दरानं लागते, आणि वरचं जे काही असेल ते कागदावर येईलच असं नाही. म्हणजे नोंदणीच्या आकड्यांवरून सोलापुरातल्या किमती मोजायला गेलात तर निम्म्या वेळा तुम्ही सरकारचाच तक्ता सरकारला परत वाचून दाखवताय. आता हा तक्ता १ एप्रिल २०२५ ला वाढला तेव्हा राज्याची सरासरी वाढ ३.८९ टक्के होती आणि सोलापूर महापालिका हद्दीतली १०.१७ टक्के, राज्यातल्या सगळ्या महापालिकांत जास्त! पुणं नाही, ठाणं नाही, सोलापूर. आमच्या ऑफिसात त्या दिवशी चहा पिताना एकानं विचारलं, सोलापुरात असं काय झालं एका वर्षात, सोनं सापडलं का? ज्या गल्लीत बाजारभाव रेकनरच्याही खाली आहे तिथला गरीब माणूस घर घेताना न दिलेल्या किमतीवर ड्युटी भरतो. बत्तीस लाखाच्या फ्लॅटवर सहा टक्के ड्युटी म्हणजे १ लाख ९२ हजार, नोंदणी तीस हजार, बांधकाम चालू असेल तर परवडणाऱ्या घराचा एक टक्का जीएसटी बत्तीस हजार. अडीच लाख हे असेच गेले, आणि यावर कर्ज मिळत नाही, हे रोख. हप्त्याच्या टक्केवारीत हे कुठं दिसतं का सांगा.

आता वेळेचा मुद्दा, जो मला सगळ्यात मोठा वाटतो.

मे २०२२ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (बँका तिच्याकडून ज्या दरानं पैसे उचलतात तो, गृहकर्जाचा दर त्याच्याच मागं जातो) ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहावर गेला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. ज्यानं आधी सात टक्क्यांनी वीस लाख वीस वर्षांसाठी उचलले होते त्याचा हप्ता १५,५०६. दर साडेनऊ झाला की वीस लाखांवरचं महिन्याचं नुसतं व्याजच होतं १५,८३३. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर माणूस आयुष्यभर भरत राहील आणि कर्ज वाढत जाईल. दर नऊवर थांबला असं धरलं तरी त्याच हप्त्यात वीस वर्षांचं कर्ज अडतीस वर्षांचं होतं! मग बँका काय करत होत्या, तर मुदत लांबवत होत्या, आणि माणसाला एक मेसेज यायचा जो तो वाचत नव्हता. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना ग्राहकाला विचारा, हप्ता वाढवायचा की मुदत, की फिक्स दरावर जायचं, आणि हप्त्यात व्याज तरी निघतंय का ते बघा. २०२५ मध्ये दर खाली आले ते चांगलंच झालं. पण मुद्दा असा की खरेदीच्या दिवशी जे ३० टक्के होतं ते वर्षभरात ३६ होऊ शकतं, आणि परवडणारं घर न परवडणारं होताना घरातली एक वीटही हललेली नसते.

आणि ही फक्त व्याजाची बाजू. कमाई वीस वर्षं वाढतच जाणार हे कुणी सांगितलं? सोलापूरकराला तरी हे सांगायला नको. १८७७ ची जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, नंतर एकेक करत बाकीच्या मिलही गेल्या. मिलमध्ये लागला म्हणजे आयुष्याचं झालं असं म्हणणारी पिढी आमच्या आजोबांची. त्यांच्यातल्या कित्येकांचं घर मिलच्या चाळीत, म्हणजे नोकरी गेली की घराचाही प्रश्न त्याच दिवशी. कुठल्याही बँकेच्या गणितात मिल कामगार १९५५ साली उत्तम ग्राहक ठरला असता. आता चादरीचं बघा, २००५ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यानं माग किती वाढले? आणि लॉकडाऊन तर कालचाच. मार्च ते ऑगस्ट २०२० सहा महिने हप्ते थांबवायची मुभा होती, लोकांना वाटलं माफ झाले, व्याज चढतच होतं. ज्यांच्याकडं शिल्लक होती त्यांनी मुभा घेतलीच नाही, ज्यांच्याकडं नव्हती त्यांचं कर्ज वाढलं. एकच संकट, एकच नियम, आणि कमाईच्या प्रत्येक पायरीवर परिणाम वेगळा. म्हणून पायरी-पायरीनं मोजा म्हणतोय.

आता घराचा खर्च म्हणजे नेमकं काय धरायचं? हप्ता किंवा भाडं एवढंच धरलं तर सोलापूर कळणारच नाही. आमच्याकडं उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. म्हणजे घर घेतलं की त्याच्याबरोबर साठवण घ्यावी लागते, जमिनीखालची टाकी, वरची टाकी, मोटार, मोटारीचं लाइटबिल, बोअर असेल तर त्याचा खर्च, उन्हाळ्यात टँकर. ज्याच्याकडं टाकीला जागा नाही त्याची बाई पाण्याच्या दिवशी कामाला जात नाही, तो दिवसाचा रोज गेला, तोही घराचाच खर्च आहे की नाही? मी तर म्हणतो आहे. हद्दवाढ भागात तर अजून मजा, १९९२ मध्ये गावं शहरात आली, पण ड्रेनेज आणि रस्ता यायला कुठं वीस वर्षं लागली, कुठं अजून वाट बघणं चालू आहे. तिथं गुंठ्यानं जागा घेतलेल्या माणसानं स्वस्तात घेतली खरी, पण मुरूम टाकणं, शोषखड्डा, पावसाळ्यात गाडी लांब लावून चालत येणं, आणि गुंठेवारी (म्हणजे तुकडे पाडून गुंठ्यानं विकलेली बिनपरवाना जागा) नियमित करायचे पैसे. २००१ च्या कायद्याची मुदत २०२१ मध्ये वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, लोकांनी चकरा मारल्या. कागद नीट नाही म्हणून बँक दारात उभी करत नाही, मग कर्ज कुठनं, तर पतसंस्था किंवा सावकार. स्वस्त जागेवर महाग पैसा. बेरीज केली तर जुळे सोलापूरचा फ्लॅट आणि हद्दवाढचा गुंठा यात वाटतं तेवढं अंतर राहत नाही.

शहराबाहेरच्या कुंभारी गावाचं उदाहरण घेतल्याशिवाय सोलापुरातल्या घरांवर बोलणं पुरं होत नाही. कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम मास्तरांनी आणि त्यांच्या संघटनेनं विडी कामगार बायकांसाठी जे केलं ते देशात दुसरीकडं शोधून सापडायचं नाही, राजकारण पटो न पटो. गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरं, २००६ मध्ये मनमोहन सिंग आले होते. मग त्याच कुंभारीत रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींच्या हातून. अशा योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख घरामागं मिळतो, बाकी पैसे त्या बाईचे. विड्या वळणाऱ्या बाईच्या नावावर पक्कं घर ही गोष्ट मी लहान मानत नाही.

पण आता मोजणीचा प्रश्न. आपण मोजलं काय? किती घरं, किती किल्ल्या, किती अनुदान. दहा हजार घरांना आता जवळजवळ वीस वर्षं होत आली. म्हणजे मी जे वीस वर्षांचं म्हणतोय त्याचा आयता नमुना आमच्या शहराच्या दारात उभा आहे. त्या घरांत मूळ बाई किंवा तिची पोरं राहतात का, किती जणींनी भाड्यानं दिलं, किती जणी परत पूर्व भागात खोली घेऊन राहायला आल्या आणि का, विडीचं काम कमी झाल्यावर कमाई कशावर आली, शहरात यायला-जायला रोज किती जातात? विडीचं काम घरी बसून होतं म्हणून दहा-बारा किलोमीटर लांबचं घर जमलं असेल. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला, धुणं-भांड्याला चार घरं करणाऱ्या बाईला तेच घर त्याच किमतीत परवडेल का? घर एकच, हप्ताही एकच, पण एकीला परवडतं आणि दुसरीला नाही, कारण एकीचं काम घरात आहे आणि दुसरीचं शहरात सात रस्त्याला. हे कुठल्याही टक्केवारीत बसत नाही. तिथं दर दोन-तीन वर्षांनी त्याच पाचशे घरांत जाऊन तेच प्रश्न विचारले असते तर आज देशाला शिकवता येईल असा कागद सोलापूरकडं असता. अजूनही वेळ गेली नाही, रे नगरपासून सुरू करा.

कुणी म्हणेल सरकार मोजतंय की. काय मोजतंय ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या घरकिंमत निर्देशांकात वर्षानुवर्षं दहा शहरं होती, मुंबई-दिल्लीबरोबर लखनौ होतं, कानपूर होतं, कोची होतं, आम्ही नव्हतो. २०२२-२३ च्या खर्चाच्या पाहणीत देशातल्या शहरी माणसाच्या खर्चात भाड्याचा वाटा ६.५६ टक्के निघाला, वाचून वाटेल घर म्हणजे किरकोळ गोष्ट! कारण स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं भाडं शून्य धरून सरासरी काढलीय. तिकडं महागाई निर्देशांकाच्या २०१२ च्या मालिकेत शहरी टोपलीत घराला वजन २१.६७ टक्के, कारण तिथं स्वतःच्या घराचंही मानीव भाडं, म्हणजे ते भाड्यानं असतं तर जे पडलं असतं ते, धरतात. एकच देश, एकच शहरी माणूस, एक आकडा दुसऱ्याच्या तिपटीहून जास्त, आणि कर्जाचा हप्ता दोन्हीत नाही. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना तरी घरभाडं देतं, सोलापूर ‘वाय’ गटात, २०२४ पासून मूळ पगाराच्या वीस टक्के. म्हणजे ज्याचा मूळ पगार अठरा हजार त्याला ३,६०० आणि ज्याचा लाख त्याला वीस हजार, आणि खोली शोधायला दोघं त्याच गावात फिरतात. टक्केवारीचं खूळ सरकारच्या स्वतःच्या घरातही आहे.

राहता राहिला एक आक्षेप, तो मला खरंच विचार करायला लावतो. घर म्हणजे खर्च नाही, बचत आहे, हप्त्यातला मुद्दलाचा भाग तुमचाच होतो, वीस वर्षांनी भाडेकरूच्या हातात काही नसतं आणि तुमच्याकडं घर असतं. मान्य. आमच्या घरात वडलांनी घर बांधलं म्हणून मला ऑफिस काढायची हिंमत झाली, भाड्याच्या खोलीत असतो तर नोकरीच बघितली असती. पण ही बचत अशी आहे की गरजेच्या दिवशी खिडकीची एक चौकट विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही. वरच्या पायरीवरचा माणूस त्या घरावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज घेतो. खालच्या पायरीवरचा ते घर नोटरीच्या कागदावर मिळेल त्या भावाला सोडतो. त्यामुळं बचत धरायची असेल तर धरा, पण वेगळ्या रकान्यात, महिन्याला उरलेल्या पैशात ती मिसळू नका, कारण किराणावाला मुद्दल घेत नाही.

करायला फार काही लागत नाही. महापालिकेकडं घरपट्टीची यादी आहे, विद्यापीठात पोरं आहेत, आशाताईंना कुठल्या घरात कोण राहतं हे आपल्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे (त्यांच्यावर अजून एक काम टाकायचं तर पैसे द्या, हे आधीच सांगून ठेवतो). टोपली ठरवा, कमाईच्या सहा-सात पायऱ्या पाडा, भाड्याची, हप्त्याची, गुंठ्याची, घरकुलाची अशी सगळ्या प्रकारची घरं घ्या आणि तीच घरं परत परत विचारा. शिवाय प्रत्येक घराला कागदावर धक्का देऊन बघा, व्याज दोन टक्के वाढलं तर, एक कमावतं माणूस सहा महिने घरी बसलं तर. किती घरं उणेत जातात ते वॉर्डनुसार छापा. मग बिल्डरच्या बोर्डावर परवडणारी घरं असं लिहिलेलं दिसलं की माणूस विचारू शकेल, कितव्या पायरीला?

तोपर्यंत मी माझ्यापुरतं एक सुरू केलंय, लोनची फाइल करताना एक साधा कागद जोडतो, बँकेला नाही, गिऱ्हाइकाला. गेल्या महिन्यात एक जोडपं आलं होतं. तो कापड दुकानात हिशोब बघतो, ती खाजगी शाळेत, दोघांचे मिळून पंचेचाळीस हजार. बत्तीसचा फ्लॅट, पंचवीस लाख लोन, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता २१,६९६. बँक द्यायला तयार. कागदावर मी त्यांच्या सांगण्यावरून घरखर्च बावीस हजार मांडला, मेंटेनन्स आणि पाणी दीड हजार. शेवटच्या रकान्यात उणे १९६ आलं. तो म्हणाला, "दोनशेच रुपयाचं तर आहे सर, करू काहीतरी." ती काही बोलली नाही. कागद तिनं आपल्याकडं ओढला, बोटानं एकेक ओळ वाचली आणि विचारलं, "आणि सैफुलकडं वन बीएचके बघितला तर? लोन अठराच लागेल."

मी परत कॅल्क्युलेटर काढला. १५,६२१.